सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरांवर किती खर्च होतो? शोधायचं कसं, पायरीपायरीने

भूलतज्ज्ञ नाही म्हणून जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, आणि त्याच महिन्यात भूलतज्ज्ञाच्या मानधनाचं देयकही निघालेलं असतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. डॉक्टर ठरावीक रुग्णांपुरता बोलावलेला असतो, पद रिक्तच असतं आणि पैसे तिसऱ्याच खात्यातून गेलेले असतात. हा खर्च कोणी लपवून ठेवलाय असं समजून सुरुवात केलीत तर वाट चुकेल. बहुतेक ठिकाणी तो पाच-सहा लेखाशीर्षांत (हिशेबातल्या खर्चाच्या ठरलेल्या खात्यांत) विखुरलेला असतो, त्यामुळे 'एकूण किती?' या प्रश्नाचं तयार उत्तर कार्यालयाकडेही नसतं. तुम्हाला आकडा मागायचा नाही, माहिती अधिकारात अर्ज करून कागद मागायचे आहेत. आकडा त्या कागदांवरून तुम्हीच काढायचा.

खालची माहिती महाराष्ट्रासाठी आहे. माहिती अधिकाराचा कायदा (२००५) केंद्राचाच असल्याने मुदती आणि अपिलांच्या पायऱ्या गोव्यातही त्याच आहेत. शुल्काचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे असतात.

१. आधी ठरवा: कोणता डॉक्टर?

बोलताना सगळ्यांनाच 'कंत्राटी' म्हटलं जातं. हिशेबात ते वेगवेगळ्या जागी असतात, आणि बहुतेक फसलेले अर्ज इथेच फसतात.

बंधपत्रित डॉक्टर म्हणजे सरकारी महाविद्यालयात शिकून सक्तीची सेवा देणारे. ते तात्पुरते असतात, पण मध्ये एजन्सी नसते. ११ महिन्यांच्या करारावरचे वैद्यकीय अधिकारी कार्यालयाने थेट नेमलेले असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे डॉक्टरही करारावरच असतात, पण त्यांचा पैसा जिल्ह्याच्या आरोग्य सोसायटीच्या खात्यातून जातो. चौथा प्रकार बोलावण्यावर येणाऱ्या विशेषज्ञांचा: भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ. त्यांना प्रति रुग्ण किंवा प्रति भेट मानधन मिळतं. अभियानात 'यू कोट, वी पे' नावाची पद्धतही आहे. तिच्यात विशेषज्ञ स्वतःचा दर सांगतो आणि वाटाघाटीने तो ठरतो. पाचवा प्रकार बाह्यस्रोताचा, म्हणजे ठेकेदार संस्थेने पुरवलेला डॉक्टर. त्याचं मानधन संस्था देते आणि रुग्णालय संस्थेचं बिल भागवतं.

याच्याही पुढे एक प्रकार आहे, आणि तो सहज नजरेतून सुटतो. काही रुग्णालयांत डॉक्टर नव्हे, तर अख्खा विभागच बाहेर दिलेला असतो. मुंबईतल्या काही उपनगरीय पालिका रुग्णालयांचे अतिदक्षता विभाग असे चालवायला दिले गेले. अशा करारात दर माणशी असेलच असं नाही, तो खाटेमागे दिवसाचाही असू शकतो. तिथे 'एजन्सीचे डॉक्टर किती?' विचारलंत तर 'निरंक' असं उत्तर येईल, आणि ते खोटंही नसेल.

म्हणून अर्जात 'कंत्राटी डॉक्टर' एवढंच लिहू नका. 'ठेकेदार किंवा सेवा पुरवठादार संस्थेमार्फत उपलब्ध करून घेतलेली वैद्यकीय अधिकारी अथवा विशेषज्ञ सेवा' असं लिहा.

२. अर्ज कोणत्या दारात?

जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची. जिल्ह्याचे प्रमुख जिल्हा शल्य चिकित्सक, तर ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, प्रमुख अधिष्ठाता. पालिकेची रुग्णालयं आणि 'आपला दवाखाना' महापालिकेकडे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा जिल्हा एकात्मिक आरोग्य व कुटुंब कल्याण सोसायटीकडे, आणि तिथे कागद सांभाळतो जिल्हा लेखा व्यवस्थापक.

एकाच इमारतीत यातल्या दोन-तीन संस्थांचे डॉक्टर काम करतात. जिल्हा रुग्णालयाचा पूर्ण खर्च हवा असेल तर शल्य चिकित्सकांकडे एक आणि सोसायटीकडे एक, असे किमान दोन अर्ज लागतात. चुकीच्या दारात अर्ज गेला तर तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची आहे (कलम ६(३)). पण 'जिल्ह्यातील सर्व रुग्णालयांची माहिती' असा अर्ज करून तो पंधरा कार्यालयांना वाटला जाईल अशी आशा ठेवू नका.

माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी यांची नावं कार्यालयाच्या फलकावर असायला हवीत. फलकाचा फोटो काढून ठेवा, पायरी ८ ला लागेल.

३. अर्जाआधी घरबसल्या काय मिळतं

बरंच मिळतं. ते आधी पाहिलं तर अर्ज नेमका होतो.

'बीम्स' ही राज्याची अर्थसंकल्प वितरणाची प्रणाली लोकांना पाहता येते. मुख्य लेखाशीर्ष २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २२११ म्हणजे कुटुंब कल्याण. योजनेचा सांकेतांक आठ अंकी असतो आणि त्याचे पहिले चार अंक मुख्य लेखाशीर्षाचे असतात. त्याखालची उद्दिष्ट शीर्षं आपल्या कामाची: ०१ वेतन, १० कंत्राटी सेवा, २८ व्यावसायिक सेवा, ३१ सहायक अनुदान (वेतनेतर), ५० इतर खर्च. एजन्सीचं बिल साधारणपणे १० खाली शोधायचं. पण १० खाली सफाई, सुरक्षा आणि कपडे धुलाईही असते. तिथला आकडा उचलून 'डॉक्टरांवर इतके कोटी' म्हणणं ही नवख्यांची नेहमीची चूक. अभियानाला जाणारा पैसा ३१ खाली अनुदान म्हणून एकगठ्ठा दिसतो, पुढचा तपशील सोसायटीकडे.

अभियानाच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर प्रत्येक राज्याच्या आराखड्याला मिळालेली मंजुरी असते, तिला 'आरओपी' म्हणतात. २०२२-२४ पासून ती दोन वर्षांची एकत्र निघते. ती मंजुरी आहे, खर्च नव्हे. खर्चासाठी जिल्ह्याचा 'एफएमआर', म्हणजे वित्तीय व्यवस्थापन अहवाल मागावा लागतो.

महाटेंडर्स (राज्याचं निविदा संकेतस्थळ) आणि जेम (केंद्राचं सरकारी खरेदीचं संकेतस्थळ) या पोर्टलवर मनुष्यबळ पुरवठ्याच्या निविदा सापडतात. निविदा क्रमांक मिळाला की अर्ध काम झालं, कारण मग 'अशी काही निविदा आढळून येत नाही' हे उत्तर देता येत नाही.

शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर 'बाह्ययंत्रणा' आणि 'कंत्राटी' असे दोन्ही शब्द टाकून शोधा. निर्णय नंतर रद्द झाला का हेही पाहा. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने ९ संस्थांमार्फत मनुष्यबळ घ्यायला मान्यता दिली होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने तो रद्द केला. पण एखादा निर्णय रद्द झाला म्हणून वेगळ्या आदेशाखाली सुरू असलेले करार आपोआप थांबत नाहीत. तुमच्या रुग्णालयाचा करार कोणत्या आदेशाखाली आहे, ते कार्यादेशावर, म्हणजे संस्थेला काम सुरू करायला सांगणाऱ्या पत्रावर लिहिलेलं असतं.

महालेखापालांचे अहवालही पाहा. महाराष्ट्रातल्या आरोग्य सुविधा आणि व्यवस्थापनावरचा त्यांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. रिक्त पदांचा मुद्दा मांडताना तो हाताशी असू द्या.

इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची रुग्णालयं चालवणाऱ्या प्रत्येक ट्रस्टच्या वार्षिक हिशेबात कर्मचारी खर्चाच्या टिपेत तात्पुरत्या आणि एजन्सी कर्मचाऱ्यांचा खर्च वेगळा दाखवलेला असतो. आपल्याकडे अशी ओळच नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

४. सोमवारी दुपारी ३ ते ५

सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं, महापालिका आणि जिल्हा परिषदांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. अंमलबजावणी कार्यालयागणिक बदलते, म्हणून परिपत्रकाची छापील प्रत बरोबर न्या. इथे बिलांचा गठ्ठा शोधत बसू नका. देयक नोंदवही मागा. कोणत्या संस्थेला, कोणत्या तारखेला, किती रक्कम गेली हे तिच्यात ओळीने असतं. हव्या त्या नोंदींचे क्रमांक उतरवून घ्या आणि पुढच्या अर्जात तेच टाका.

५. अर्ज लिहिणं

महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमदुरुस्तीने दोन बंधनं आणली: एका अर्जात एकच विषय, आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. दोन विषय घातले तर माहिती अधिकारी पहिल्याचंच उत्तर देऊन मोकळा होऊ शकतो. म्हणून खर्च एका अर्जात, रिक्त पदं दुसऱ्यात.

खर्चाच्या अर्जाचा मजकूर असा चालेल:

विषय: ____ रुग्णालयात सेवा पुरवठादार संस्थेमार्फत घेतलेल्या वैद्यकीय अधिकारी / विशेषज्ञ सेवांवरील खर्च.
कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ (देयक अदा केल्याच्या दिनांकानुसार).
(अ) या सेवेचा कार्यादेश आणि दरपत्रकासह करारनामा यांच्या प्रती.
(आ) या करारापोटी अदा केलेल्या रकमांच्या देयक नोंदवहीतील पानांच्या प्रती.
(इ) जानेवारी २०२५ च्या सेवेचे देयक, सोबतचे हजेरीपत्रक आणि भविष्यनिर्वाह निधीच्या चलनासह. डॉक्टरांचे पत्ते, बँक खाते, आधार व पॅन क्रमांक झाकून द्यावेत.
प्रतींची पाने १०० पेक्षा जास्त असल्यास प्रथम अभिलेख पाहण्याची संधी द्यावी.

यातली प्रत्येक ओळ मुद्दाम तशी आहे. 'अदा केल्याच्या दिनांकानुसार' लिहिलं नाही, तर मार्चची सेवा आणि एप्रिलमधलं देयक कोणत्या वर्षात धरायचं यावरून घोळ होतो. बाराही महिन्यांची बिलं मागण्याऐवजी नोंदवही वर्षभराची आणि बिल एका महिन्याचं मागितलंय, कारण दराची मांडणी एका बिलातूनही कळते. वैयक्तिक तपशील झाकायला आपणच सांगितलं की नकाराचं सर्वांत सोपं कारण उरत नाही.

दुसऱ्या अर्जात ठरावीक दिनांकाची संवर्गनिहाय मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं दाखवणारं विवरण मागा. हे विवरण कार्यालय वरिष्ठांना पाठवतच असतं, त्यामुळे ते चटकन मिळतं.

काय लिहू नये:
- 'का' आणि 'कोणत्या कारणास्तव'. कारण ही 'माहिती' नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगितलंय. कारण हवं असेल तर निर्णयाची टिप्पणी मागा, कारणं तिच्यातच असतात.
- 'तक्ता तयार करून द्यावा'. नसलेला तक्ता बनवून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही.
- तुम्ही माहिती कशासाठी मागताय ते. कायदा ते विचारत नाही (कलम ६(२)), तुम्हीही सांगू नका.

६. शुल्क आणि दाखल करणं

लागणाऱ्या वस्तू मोजक्याच: जोडपत्र 'अ' (नियमांसोबतचा ठरलेला नमुना) मधला अर्ज दोन प्रतींत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि टपालाने पाठवणार असाल तर पोच मिळेल असं स्पीड पोस्टचं पाकीट. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत, मग शुल्क नाही. केंद्र सरकारच्या कार्यालयांना पोस्टल ऑर्डर लावायची सवय असेल तर ती इथे सोडा, राज्याच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टॅम्पच निर्धोक. हाताने दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरही अर्ज करता येतो, पण यादीत तुमचं नेमकं कार्यालय आहे का ते आधी पाहा. मंत्रालयातला विभाग निवडून जिल्हा रुग्णालयाचा अर्ज टाकला की तो वर-खाली फिरत बसतो.

७. ३० दिवसांत काय येऊ शकतं

शुल्काची मागणी. प्रत पानाला २ रुपये. ३४० पानं म्हणजे ६८० रुपये. हे पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत, तेव्हा लगेच भरा किंवा आधी अभिलेख पाहून नेमकी पानं निवडा. अभिलेख पाहण्याचा पहिला तास विनाशुल्क, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. आत पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल चालते, हाही २०१२ च्याच नियमदुरुस्तीचा भाग. ३० दिवस उलटून गेल्यावर माहिती आली तर ती मोफत द्यावी लागते (कलम ७(६)).

'त्रयस्थ पक्षाची माहिती.' संस्थेला कलम ११ खाली नोटीस जाते, तिला म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात आणि एकूण मुदत ४० दिवसांची होते. संस्थेने हरकत घेतली म्हणजे माहिती नाकारली असं होत नाही, निर्णय माहिती अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो.

'व्यापारी गुपित, कलम ८(१)(घ).' निविदा चालू असताना हे पटण्यासारखं आहे. कार्यादेश निघून सरकारी तिजोरीतून पैसे गेल्यावर त्या दरात गुपित उरत नाही. अपिलात हाच मुद्दा मांडा.

'वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ).' हे कलम नोव्हेंबर २०२५ पासून बदललं आहे. पूर्वी या कलमातच सार्वजनिक हिताची अट होती, आता वैयक्तिक माहिती सरसकट वगळता येते. पण कलम ८(२) कायम आहे: हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणूनच सुरुवातीपासून नावं मागायची नाहीत, पदं, संख्या, पाळ्या आणि दर मागायचे. कागदात नाव असेल तर ते झाकून उरलेला भाग द्या, असं कलम १० चा आधार देऊन म्हणता येतं.

'ही माहिती एजन्सीकडे आहे.' सर्वांत जास्त मिळणारं आणि सर्वांत कच्चं उत्तर. हजेरी पाहिल्याशिवाय आणि बिल तपासल्याशिवाय आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयाचे पैसे काढून वाटणारा) पैसे देऊच शकत नाही. म्हणजे तो कागद कार्यालयाच्या ताब्यात आहे. नसेल, तर कागदाशिवाय पैसे गेले असा त्याचा अर्थ होतो, आणि तेच त्यांच्याकडून लेखी मिळालेलं बरं.

८. अपील

उत्तर आल्यापासून, किंवा उत्तरच आलं नाही तर मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत पहिलं अपील: जोडपत्र 'ब', २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. सुनावणीला जाताना नोंदवहीतले नोंद क्रमांक आणि निविदा क्रमांक न्या. 'माहिती उपलब्ध नाही' या वाक्याला त्यांच्यापुढे टिकता येत नाही.

दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या खंडपीठाकडे, ९० दिवसांत, जोडपत्र 'क', पुन्हा २० रुपये. इथे नंबर लागायला बराच काळ जातो, तेव्हा शक्यतो पहिल्या अपिलातच काम उरका. माहिती हवी असेल तर कलम १८ ची तक्रार करू नका, कलम १९ चं अपीलच करा. तक्रारीतून दंड होऊ शकतो, माहिती देण्याचा आदेश मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय. दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये.

९. कागद हाती आल्यावर

आधी बिलाची उतरंड पाहा. मांडणी समजावी म्हणून एक काल्पनिक बिल घेऊ. डॉक्टरचं मानधन ६०,००० रुपये. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा, १५,००० च्या मर्यादेवर १३ टक्के, म्हणजे १,९५०. बेरीज ६१,९५०. संस्थेचं सेवा शुल्क ५ टक्के धरलं तर ३,०९७.५०. यावर १८ टक्के जीएसटी लागू होत असेल तर ११,७०८.५५. एकूण ७६,७५६.०५ रुपये. म्हणजे रुग्णालयाच्या हिशेबातल्या पाऊण लाखातले डॉक्टरपर्यंत साठ हजारच पोचले, आणि तेही त्याच्या वाट्याची कपात होण्याआधीचे. 'डॉक्टरला महिना पाऊण लाख' असं लिहिणं त्या डॉक्टरवर अन्याय आहे.

सेवा शुल्क शून्य किंवा नाममात्र दिसलं तर खूश होऊ नका. संस्था फुकट काम करत नाही, मग तिचा नफा डॉक्टरच्या मानधनातून किंवा न भरलेल्या निधीतून निघत असण्याची शक्यता तपासावी लागते. बिलातली संख्या, हजेरीपत्रकातली नावं आणि चलनातली सदस्यसंख्या या तिन्हींचा मेळ बसतो का पाहा. निधी लागू नसलेले काही डॉक्टर असू शकतात, त्यामुळे लहान फरकावरून निष्कर्ष काढू नका.

थेट नेमलेला डॉक्टर की ठेकेदार, अशी शंका असेल तर देयकातली आयकराची कपात पाहा. व्यावसायिक शुल्कावर साधारण १० टक्के कपात होते, ठेकेदाराच्या बिलावर १ किंवा २ टक्के.

तुलना करायची ती प्रति पाळी खर्चाची. एका रुग्णालयात पाळी ८ तासांची, दुसऱ्यात २४ तासांची, आणि दोन्हीकडे 'प्रति ड्युटी' दर, असं असतं. आधी तासांवर आणा. मग शेजारी रिक्त पदं मांडा. दहा मंजूर पदांतली सात रिक्त असतील तर एजन्सीच्या खर्चाआड न दिलेल्या पगारांची बचतही दडलेली असते. ती वजा न करता काढलेला आकडा बातमीला छान दिसतो, पण उद्या अधिकारी एका वाक्यात खोडून काढेल.

१०. प्रसिद्ध करण्याआधी

एकच महिना सामान्य असेल असं धरू नका. करार मध्येच बदलला असेल, मुदतवाढ मिळाली असेल, थकबाकी एकदम दिली असेल, तर मार्चचा आकडा तिप्पट दिसतो. नोंदवहीत 'थकीत देयक' असा शेरा आहे का पाहा. तुम्ही काढलेला तक्ता संबंधित अधिकाऱ्याला पाठवून आठवडाभर खुलाशाची वाट पाहा, आलेला खुलासा तक्त्याखाली जसाच्या तसा द्या. मूळ कागद जोडताना एखादं नाव, मोबाइल किंवा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक झाकायचा राहिला नाही ना, हे प्रत्येक पान उघडून बघा. काळी पट्टी पीडीएफवर नुसती ठेवली तर ती उचलून खालचा मजकूर वाचता येतो. पान छापून, शाईने खोडून, पुन्हा स्कॅन केलेलं बरं.